परमुलुखांतील गुरुगृह

मूल शिकावयास घराबाहेर पाठवावें, ही कल्पना आपल्या लोकांस नवी नाहीं. मुंज झालेला बटु गुरुगृहीं जात असे; आणि पुढील काळांत कोंकणांतून पुण्यास आलेला गरीब विद्यार्थी सात घरीं सात वार लावून जेवीत असे. त्याच्या पोषणाचा भार समाजानें वांटून घेतलेला असे. परंतु त्या व्यवस्थेंत एक गोष्ट गृहीत धरलेली होती. ज्या घरीं तो विद्यार्थी पानावर बसे त्या घरची भाषा त्याची होती, देव त्याचे होते, आणि सणवारही त्याचेच होते. यांपैकीं कांहींच जेथें आपलें नाहीं अशा देशांत बारा वर्षांचें मूल जाऊन पडलें, तर त्याचा सांभाळ कोणीं करावयाचा, आणि सांभाळतांना त्यास किती बदलूं द्यावयाचें? अमेरिकेंतील निवासी शाळांना हा प्रश्न गेलीं दोनशें वर्षें पडत आलेला आहे. त्या इतिहासांतील कांहीं प्रकरणें आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. त्यांतील मुख्य प्रकरण चिनी मुलांचें आहे.

ज्यांस आज आपण अमेरिकेंतील नामांकित निवासी शाळा म्हणून ओळखतों, त्यांतील कांहीं त्या राष्ट्राइतक्याच जुन्या आहेत. मॅसॅच्युसेट्समधील अँडोव्हरची फिलिप्स अकॅडमी १७७८ सालीं निघाली व एक्झेटर येथील तिच्याच नांवाची संस्था १७८१ सालीं. मॉन्सन गांवची अकॅडमी १८०४ सालची. त्या काळीं परगांवचा मुलगा बहुधा गांवांतल्याच एखाद्या कुटुंबांत पैसे देऊन राही, तेथेंच जेवी आणि वेळ झाली म्हणजे शाळेंत जाई. त्यामुळें विद्यार्थ्याचें हित हें शाळेच्या चालकांइतकेंच गांवांतल्या गृहिणींच्या हातीं असे. पुढें जें घडलें तें समजण्यास ही गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे.

परदेशीय मुलांसाठीं म्हणून मुद्दाम काढलेली एक शाळा १८१७ सालीं कनेक्टिकट संस्थानांतील कॉर्नवॉल या लहानशा गांवीं सुरू झाली. हवाई बेटांतील, चीनमधील, आणि अमेरिकेच्याच मूळच्या रहिवाशांपैकीं चेरोकी वगैरे जातींचीं मुलें तेथें होतीं. त्यांस शिकवून, ख्रिस्ती करून, धर्मप्रसारासाठीं स्वदेशीं परत पाठवावयाचें, असा चालकांचा हेतु होता. तिचा सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थी म्हणजे हवाईचा ओपुकाहाइया. तो १८१८ सालीं ज्वरानें तेथेंच मरण पावला व त्याच्या चरित्रानें हजारों भाविकांचीं अंतःकरणें हलविलीं. गांवच्या लोकांनीं या मुलांस कपडे दिले, अन्न दिलें, त्यांच्यासाठीं वर्गण्या जमविल्या. पण १८२४ सालीं जॉन रिज या चेरोकी तरुणानें, आणि १८२६ सालीं ईलायस बूडिनॉट या दुसऱ्यानें, गांवांतल्याच गोऱ्या घराण्यांतील मुलींशीं विवाह केले, तेव्हां तींच माणसें खवळून उठलीं. बूडिनॉटच्या वाग्दत्त वधूची प्रतिमा भर गांवांत जाळण्यांत आली, आणि शाळा १८२६ सालीं बंद पडली. या मुलांवर दया करावयास गांव तयार होतें. त्यांस आपल्या बरोबरीचें मानावयास मात्र तें तयार नव्हतें. ज्यास नेहमींच घेणाऱ्याच्या जागीं बसविलेलें असतें, त्यानें एके दिवशीं जांवयाच्या पाटावर बसूं पाहिलें कीं दात्याची परीक्षा होते. कॉर्नवॉल त्या परीक्षेंत उतरलें नाहीं.

यानंतर वीस वर्षांनीं एक चिनी मुलगा मॉन्सनच्या अकॅडमींत दाखल झाला. त्याचें नांव युंग विंग. मकावजवळच्या एका खेड्यांत, गरीब घरांत, १८२८ सालीं तो जन्मला, व हाँगकाँगच्या मॉरिसन शाळेंत सॅम्युएल ब्राउन या अमेरिकन शिक्षकाच्या हाताखालीं शिकला. १८४७ सालीं ब्राउन प्रकृतीच्या कारणानें स्वदेशीं निघाले, तेव्हां त्यांनीं तीन विद्यार्थी बरोबर नेले. त्यांतला हा एक. जहाजाचें भाडें एका व्यापारी पेढीनें माफ केलें, आणि दोन वर्षांचा खर्च हाँगकाँगमधील एका वृत्तपत्राच्या मालकानें व त्याच्या स्नेह्यांनीं पत्करला. मॉन्सनला या मुलांच्या जेवणाची सोय ब्राउन यांच्या वृद्ध मातोश्रींनीं केली. आठवड्यास सव्वा डॉलर, त्यांतच सरपण, दिवाबत्ती आणि धुणें. मात्र आपली खोली आपण झाडावयाची व हिंवाळ्यांत लांकडें आपणच फोडावयाचीं, असा रिवाज होता. पुढें म्हातारपणीं युंग विंगनें आत्मचरित्र लिहिलें, त्यांत हा हिशेब त्यास पैशासुद्धां आठवतो. उपकाराचा आंकडा ज्यास इतका स्पष्ट आठवतो, त्याच्या मनावर त्याचें ओझें नसून आदर असला पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

दोन वर्षांची मुदत संपली, आणि महाविद्यालयांत जावयाचें तर पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न उभा राहिला. मॉन्सनच्या विश्वस्तांजवळ गरीब विद्यार्थ्यांसाठीं ठेवलेला निधि होता. त्यांनीं तो देऊं केला; अट एवढीच कीं, शिक्षण संपल्यावर त्यानें चीनमध्यें धर्मोपदेशक व्हावें व तसें आतांच लिहून द्यावें. युंग विंग स्वतः ख्रिस्ती झालेला होता, तरी त्यानें ही अट नाकारली. आपल्या देशास आपला उपयोग कोणत्या मार्गानें अधिक होईल तें आपणांस अजून ठाऊक नाहीं, आणि तो मार्ग आगाऊ बांधून घेणें आपणांस परवडणार नाहीं, असा त्याचा विचार होता. खिशांत कवडी नसलेल्या, घरापासून हजारों कोसांवर असलेल्या तरुणाचें हें उत्तर आहे. ब्राउन रागावले नाहींत. जॉर्जिया संस्थानांतील सव्हाना येथील एका महिला-मंडळाकडून त्यांनीं विनाअट मदत मिळवून दिली. युंग विंग १८५० सालीं येल येथें दाखल झाला. गणितांत तो कच्चा राहिला, पण इंग्रजी निबंधाचें पहिलें पारितोषिक त्यानें दोनदां पटकाविलें. सहाध्यायांच्या भोजन-मंडळाची व्यवस्था पाहून त्यानें आपल्या जेवणाचा खर्च भागविला. आणि १८५४ सालीं तो पदवीधर झाला. अमेरिकेच्या महाविद्यालयाची पदवी घेणारा तो पहिला चिनी.

अशा आश्रयाचें दुसरें उदाहरण जपानचें आहे. नीजिमा जो हा तरुण १८६४ सालीं, परदेशगमन हा देहदंडाचा गुन्हा असतांना, चोरून जहाजावर चढला व पुढील वर्षीं बोस्टन बंदरास लागला. जहाजाचे मालक आल्फियस हार्डी यांनीं त्यास मुलाप्रमाणें वागविलें व अँडोव्हरच्या फिलिप्स अकॅडमींत घातलें. १८७० सालीं तो अ‍ॅमहर्स्टचा पदवीधर झाला. स्वदेशीं परतल्यावर त्यानें १८७५ सालीं क्योटो येथें दोशिशा ही शाळा काढली, आणि तिचेंच आज विश्वविद्यालय झालेलें आहे. परंतु युंग विंग काय किंवा नीजिमा काय, दोघेही एकेकटे होते व वयानें जाणते होते. एखाद्या सरकारनें लहान मुलांची तुकडीच्या तुकडी पाठविली, तर काय होईल? हा प्रयोग युंग विंगनेंच घडवून आणला.

पदवी घेऊन तो चीनला परतला, तो मनांत एकच संकल्प घेऊन: आपणांस जें मिळालें तें आपल्या देशांतील मुलांस मिळालें पाहिजे. हा संकल्प सिद्धीस जाण्यास जवळ जवळ अठरा वर्षें लागलीं. शेवटीं त्सेंग क्वोफान व ली हुंगचांग या दोन बलाढ्य अधिकाऱ्यांनीं ती योजना उचलून धरली. दरवर्षीं तीस याप्रमाणें चार वर्षांत १२० मुलें अमेरिकेस पाठवावयाचीं, प्रत्येकानें पंधरा वर्षें तेथें राहावयाचें, आणि सारा खर्च सरकारनें करावयाचा, असें ठरलें. मुलें बहुतेक दहा ते सोळा वर्षांचीं. बापाकडून लिहून घेतलें जाई कीं, पंधरा वर्षें मूल परत मागणार नाहीं, आणि मध्यंतरीं तें मेलें किंवा त्यास अपघात झाला तर सरकारास जबाबदार धरणार नाहीं. असल्या कागदावर सही करणारे बाप श्रीमंत मंडळींत सांपडेनात. बहुतेक मुलें दक्षिणेकडील क्वांगतुंग प्रांतांतून, बेताच्या स्थितींतील घरांतून आलीं. त्या मुलांच्या मातांची सही मात्र कोणीं मागितल्याचें दिसत नाहीं.

पहिली तुकडी १८७२ च्या उन्हाळ्यांत शांघायहून निघाली. या मुलांस ठेवावयाचें कोठें? एकत्र ठेवावीं, तर तीं आपसांत चिनीच बोलणार. एकेकटीं ठेवावीं, तर खचून जाणार. कनेक्टिकटचे शिक्षणाधिकारी बर्डसी नॉर्थ्रप यांच्या सल्ल्यानें मधला मार्ग निघाला. दोन-दोन, चार-चार मुलें एकेका कुटुंबांत ठेवावीं, तेथें इंग्रजी पक्कें झालें म्हणजे गांवच्या शाळेंत व मग अँडोव्हर, एक्झेटर, विलिस्टन यांसारख्या निवासी शाळांत पाठवावीं. हार्टफर्ड शहरांत शिक्षण-मंडळाचें मुख्य ठाणें झालें, आणि पुढें कॉलिन्स स्ट्रीटवर पन्नास हजार डॉलर खर्चून त्यासाठीं तीन मजली इमारत उठली. मुलें पाळीपाळीनें येथें राहावयास येत, तेव्हां चिनी पंडित त्यांच्याकडून आपले अभिजात ग्रंथ वाचून घेत व बादशहाच्या दिशेनें वंदन करवीत. इतकी भक्कम इमारत बांधण्यांत आपला अंतस्थ हेतु काय होता, तें युंग विंगनें पुढें मोकळेपणानें सांगितलें आहे: मंडळ अमेरिकेच्या भूमींत इतकें खोल रुजवावें कीं, सरकारास माघार घेणें अवघड व्हावें.

या कुटुंबांतील दिनक्रम कसा होता, याचें चित्र ली यान फू या विद्यार्थ्यानें १८८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या बालपणच्या आठवणींत सांपडतें. तो १८७३ च्या तुकडींतला. वाटेंत त्यांची आगगाडी दरोडेखोरांनीं अडविली व यंत्रचालक मारला गेला. अमेरिकेची ही त्याची पहिली ओळख. स्प्रिंगफील्डला उतरल्यावर ज्या बाईंनीं त्याचा सांभाळ पत्करला त्यांनीं त्यास सर्वांदेखत पोटाशीं धरलें व त्याचा मुका घेतला. इतर मुलें हंसलीं, आणि चीनमध्यें वाढलेला तो बिचारा लाजेनें चूर झाला. भाषा शिकविण्याची रीत मोठी नामी होती. जेवणाच्या टेबलावर प्रत्येक पदार्थाचें नांव सांगत, आणि ज्याचें नांव आठवणार नाहीं तो पदार्थ मिळणार नाहीं, अशी तंबी असे. प्रगति झपाट्यानें झाली, असें तो मिस्किलपणें लिहितो. पहिल्या रविवारीं शाळेस जावयाचें आहे असें समजून तो पुस्तकें घेऊन निघाला. पुढें आलेली इमारत प्रार्थनामंदिर आहे हें दिसतांच तो व त्याचा सोबती घरीं पळाले आणि खोलींत दडून बसले. असल्या लहान लहान प्रसंगांनींच परकें मूल हळूहळू घरचें होतें.

घरचें झालें, हीच पुढें अडचण झाली. लांब झगे व पाठीवर रुळणारी वेणी यांमुळें रस्त्यांतली पोरें त्यांस मुली म्हणून चिडवीत. तेव्हां झग्यांच्या जागीं कोट आले व वेणी कोटाच्या आंत लपूं लागली. ती कापण्याची मात्र सोय नव्हती. ज्या काळीं आपल्याकडे शेंडी राखणें न राखणें हा घरांतल्या कलहाचा विषय होता, त्याच काळीं चीनमध्यें वेणी कापणें हा राजद्रोह होता. कांहीं मुलांनीं ती कापली, कांहीं ख्रिस्ती झालीं, आणि त्यांतील कित्येकांस परत बोलावण्यांत आलें. मुलें बेसबॉल खेळूं लागलीं. चुंग मुन यू हा तर हार्व्हर्डविरुद्धच्या शर्यतींत येलच्या नावेचा सुकाणू धरून बसला व येल जिंकलें. बार्टलेट कुटुंबासारख्या घरांतील बायका त्यांची दुखणींखुपणीं काढीत व अभ्यास घेत. ट्विचेल हे धर्मोपदेशक युंग विंगचे जिवलग स्नेही झाले. चिनी अधिकाऱ्यांच्या दृष्टीनें हें सारें विपरीत होतें. मुलें वांकून नमस्कार करीनात, अभिजात ग्रंथ त्यांस रुचेनात, वडीलधाऱ्यांसमोर तीं मोठ्यानें बोलत.

येथें त्या अधिकाऱ्यांस केवळ जुनाट म्हणून हंसणें न्यायाचें होणार नाहीं. मुलें चीनच्या पैशानें शिकत होतीं, चीनच्या कामासाठीं. पंधरा वर्षांनंतर परत येणाऱ्या माणसास स्वतःच्या आईशीं बोलतां येणार नसेल, तर त्यास पाठविण्यांत देशाचा लाभ कोणता, ही शंका निराधार नव्हती. शिवाय यजमानीण बाईंच्या ममतेंत धर्मांतराची आशा कोठेंच मिसळलेली नव्हती, असेंही म्हणतां येत नाहीं. दोन्ही बाजू मुलांवर प्रेम करीत होत्या, आणि दोघींसही तीं मुलें सर्वस्वी आपल्यासारखीं हवीं होतीं.

तरीही मंडळ मोडलें तें केवळ वेण्यांमुळें मोडलें असें आम्हांस वाटत नाहीं. १८६८ च्या तहान्वयें चिनी प्रजाजनांस अमेरिकेच्या सरकारी शिक्षणसंस्थांत प्रवेशाचा हक्क होता. युंग विंगनें आपले विद्यार्थी लष्करी व आरमारी विद्यालयांत घ्यावे अशी मागणी केली, तेव्हां चिनी विद्यार्थ्यांस तेथें जागा नाहीं, असें तुटक उत्तर मिळालें. आरमारी विद्यालयांत जपानी तरुण मात्र घेतले जात होते. त्याच सुमारास कॅलिफोर्नियांत चिनी मजुरांविरुद्ध आग भडकली होती. पुढें मे १८८२ मध्यें चिनी मजुरांस बंदी करणारा कायदाच झाला. ज्या देशानें तह पाळला नाहीं त्या देशांत आपलीं मुलें कां ठेवावीं, या प्रश्नास चीनमधील मंडळाच्या मित्रांजवळ उत्तर उरलें नाहीं.

शेवटच्या दिवसांत मुलांच्या अमेरिकन पाठीराख्यांनीं केलेली धडपड वाचण्याजोगी आहे. ट्विचेल व मार्क ट्वेन यांनीं माजी अध्यक्ष ग्रँट यांस गांठून ली हुंगचांगला पत्र लिहविलें. येलचे अध्यक्ष नोआ पोर्टर व इतर शिक्षणतज्ज्ञांनीं पेकिंगच्या परराष्ट्र-कचेरीस विनंतिपत्र धाडलें. थोडा काळ हुकूम थोपला. पण १८८१ च्या उन्हाळ्यांत तो सुटलाच. त्या वेळीं महाविद्यालयीन शिक्षण पुरें झालेले विद्यार्थी अवघे दोन होते. सॅन फ्रान्सिस्को बंदरांत जहाजाची वाट पाहत असतां या मुलांनीं ओकलंडच्या संघाशीं बेसबॉलचा सामना खेळला व तो जिंकला. शांघायच्या धक्क्यावर त्यांच्या स्वागतास कोणी नव्हतें. सैनिकांच्या पहाऱ्यांत त्यांस एका पडक्या, ओलसर विद्यालयांत नेऊन कोंडलें. हुआंग काइजिया या विद्यार्थ्यानें ही सारी कर्मकथा हार्टफर्डच्या बार्टलेट बाईंस पत्रानें कळविली. स्वदेशाच्या भूमीवर पाऊल ठेवल्यावर मन मोकळें करावयास त्या तरुणास परक्या देशांतील एक बाई आठवली. या एका गोष्टींत सारें यश व सारें दुःख आलें.

पुढें या मुलांचें काय झालें? त्यांस त्यांच्या विद्येचा विचार न करितां कोणास तारखात्यांत, कोणास आरमारांत घातलें. कांहीं १८८४ सालीं फूचौच्या लढाईंत फ्रेंच तोफांपुढें पडले. येलचा स्थापत्य-पदवीधर चान तिएन-यू यास आरंभीं आरमारांत घातलें; पुढें त्यानेंच परकीय अभियंत्यांच्या मदतीवांचून पेकिंग ते कालगान हा डोंगराळ लोहमार्ग १९०५ ते १९०९ या काळांत बांधून दाखविला. तांग शाओयी १९१२ सालीं चिनी प्रजासत्ताकाचा पहिला मुख्य प्रधान झाला. अँडोव्हरच्या संघांत बेसबॉल खेळलेला लिआंग चेंग १९०३ सालीं वॉशिंग्टनला चीनचा वकील म्हणून आला. बॉक्सर बंडानंतर चीनवर लादलेल्या दंडांत अमेरिकेचा वांटा सुमारें २ कोटी ४० लक्ष डॉलरांचा होता, आणि खऱ्या नुकसानीहून तो फार अधिक होता. लिआंग चेंगनें त्याचा पिच्छा पुरविला, व १९०८ सालीं एक कोटीहून अधिक डॉलर सोडून देण्यांत आले. त्या पैशांतून विद्यार्थी पुन्हां अमेरिकेस जाऊं लागले, आणि १९११ सालीं पेकिंगजवळ त्सिंगह्वा विद्यालय उघडलें. मोडलेल्या मंडळाच्या एका विद्यार्थ्यानें तें मंडळ तीस वर्षांनीं दुसऱ्या रूपानें पुन्हां उभें केलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

चिनी मुलें परत गेल्यावर दोनच वर्षांनीं, १८८३ सालीं, आपल्याकडील आनंदीबाई जोशी अमेरिकेस गेल्या. त्या निवासी शाळेंत नव्हे, तर फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकल्या. परंतु त्यांस आधार मिळाला तो त्याच प्रकारचा. न्यू जर्सींतील रोसेल गांवच्या कार्पेंटर बाईंस त्या मावशी म्हणत. आनंदीबाई १८८६ सालीं डॉक्टर झाल्या, ख्रिस्ती न होतां झाल्या, आणि १८८७ च्या फेब्रुवारींत पुण्यास निवर्तल्या. त्यांच्या रक्षेचा अंश कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमींत विसांवला आहे. धर्म न मागतां माया देणारें घर जगांत असूं शकतें, याचा हा आमच्या ओळखीचा पुरावा आहे.

आज अमेरिकेच्या निवासी शाळांत अनेक देशांचीं मुलें आहेत व आपल्याकडील कुटुंबेंही तेथें मुलें धाडतात. परदेशी विद्यार्थ्यांसाठीं खास अधिकारी असतात, भाषेचे वर्ग असतात, सुट्टींत वसतिगृह बंद झालें तर आश्रय देणारीं कुटुंबें शोधलीं जातात. या सोयी चांगल्या आहेत. पण वरील इतिहासावरून पाहतां मुलास खरोखर तारून नेणाऱ्या गोष्टी तीन दिसतात. मदत देतांना त्याचें भविष्य लिहून न घेणारा दाता. त्याची मातृभाषा जिवंत राहील अशी व्यवस्था. आणि सरकारें व समाज त्याच्यावर उलटले असतां त्याची बाजू घेऊन पत्र लिहिणारें एखादें वडील माणूस. पहिली गोष्ट ब्राउन यांनीं केली, दुसरी कॉलिन्स स्ट्रीटवरच्या कंटाळवाण्या पंडितांनीं केली, तिसरी ट्विचेल यांनीं.

युंग विंगचा शेवट हार्टफर्डलाच झाला. त्याचें अमेरिकन नागरिकत्व १८९८ सालीं रद्द ठरविण्यांत आलें होतें. तरी १९०२ सालीं तो परत आला, तो आपल्या धाकट्या मुलाचा येलमधील पदवीदान-समारंभ पाहावयास. १९१२ सालीं तो वारला. त्याच्या थोरल्या मुलाचें नांव मॉरिसन ब्राउन. मॉरिसन ही त्याची शाळा, आणि ब्राउन हे त्याचे गुरु.